क्रिकेटमधील व्रतस्थ : विजय मर्चंट

भारतीय क्रिकेटची पायाभरणी ज्या मोजक्या खेळाडूंनी केली, त्यांत कै. विजय मर्चंट यांचे स्थान फार वरचे आहे. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये दहा हजारांहून अधिक धावा करणाऱ्या जगातील सर्व फलंदाजांत सरासरीच्या दृष्टीने सर डोनाल्ड ब्रॅडमन यांच्या खालोखाल त्यांचेच नाव लागते. ब्रॅडमन यांची सरासरी ९५, मर्चंट यांची ७१. त्यांच्यानंतर आलेल्या आणि जगभर गाजलेल्या एकाही फलंदाजाला हा दुसरा क्रमांक त्यांच्याकडून घेता आलेला नाही. असे असूनही त्यांच्या नावावर कसोटी सामने आहेत ते अवघे १०, आणि तेही १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांच्या प्रदीर्घ कालखंडात विखुरलेले. एवढी मोठी जमा आणि एवढा तुटपुंजा ताळेबंद! हा हिशेब जुळत नाही, हे कोणाही व्यापाऱ्याच्या चटकन ध्यानी येईल. तो का जुळत नाही याचा शोध घेऊ लागले की, या थोर पुरुषाचे चरित्र आपोआप उलगडत जाते.

विजय यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, ठाकरसी या सुविख्यात भाटिया घराण्यात झाला. हे घराणे कापड गिरण्यांचे. हिंदुस्थान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स ही त्यांची पेढी आम्हां कापड व्यावसायिकांना परिचित आहे. याच घराण्यातील सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. त्या काळचे १५ लक्ष म्हणजे केवढी रक्कम, हे सांगावयास नको. धनसंचयाबरोबर दातृत्वही ज्या घरात नांदत होते, अशा घरात विजय यांचे बालपण गेले.

मग ठाकरसी घराण्यातील मुलाचे आडनाव मर्चंट कसे झाले? त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. भारदा न्यू हायस्कूलमध्ये प्रवेश घेताना तेथील इंग्रज शिक्षकाने या मुलाला त्याचे नाव विचारले आणि पाठोपाठ वडील काय करतात असे विचारले. मुलाने वडील व्यापारी आहेत, असे इंग्रजीत सांगितले. शिक्षकाने तेच आडनाव समजून नोंदवहीत लिहून टाकले. विजय माधवजी ठाकरसी हा मुलगा त्या दिवसापासून विजय मर्चंट झाला आणि पुढे जगाने त्याला याच नावाने ओळखले. पुढे मुंबईकडून खेळलेले त्यांचे बंधू उदय हेही मर्चंट याच नावाने ओळखले गेले. वडिलांचा व्यवसाय असा मुलाच्या नावाला कायमचा चिकटावा, हे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते.

शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९१३ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय आशिया खंडातील वाणिज्य शाखेचे आद्य महाविद्यालय होय. वाणिज्य शाखेचे आम्ही विद्यार्थी जमाखर्चाच्या आकड्यांत बुडून जातो. विजय यांनी आकड्यांशी मैत्री केली ती धावांच्या रूपाने. महाविद्यालयीन सामन्यांत त्यांनी शतकांची रास घातली आणि १९२९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, चौरंगी स्पर्धेत हिंदू संघातर्फे खेळण्याचा मान त्यांना मिळाला. अंगकाठी मध्यम, उंची बेताची. परंतु पायांची हालचाल विलक्षण चपळ. चेंडू यष्टीजवळ येईपर्यंत थांबून त्याला हलकेच मागे वळविण्याचा लेट कटचा फटका हे त्यांचे खास वैशिष्ट्य मानले जाई. या फटक्यात बळापेक्षा अचूक वेळेला महत्त्व असते. तासन् तास सराव करण्याची त्यांची वृत्ती तर सर्वश्रुत होती. घरी कशाचीही उणीव नसलेल्या मुलाने असे कष्ट उपसावेत, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटे.

१९३२ साली भारतीय संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला जाणार होता. मर्चंट तेव्हा वीस वर्षांचे होते आणि त्यांची निवड होण्याचा रंग होता. परंतु त्याच वर्षी ४ जानेवारी रोजी महात्मा गांधींना अटक झाली. देशभरातील पुढारी तुरुंगात असताना राज्यकर्त्यांच्या देशात खेळावयास जाणे उचित नव्हे, या भावनेने मुंबईतील काही हिंदू खेळाडूंनी निवड सामन्यांवर बहिष्कार टाकला. त्यांत एल. पी. जय यांच्यासमवेत विजय मर्चंटही होते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर आपल्या नागपूरचे सुपुत्र कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा मर्चंट मुंबईतच होते. कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० पासून १९३३ पर्यंत मुंबईची चौरंगी स्पर्धाही बंद होती. उमेदीच्या वयातील खेळाडूला मैदानाचे दार असे मिटलेले पाहणे किती जड जात असेल, याची कल्पना खेळणाऱ्यालाच येऊ शकते. तरीही गेलेल्या संधीबद्दल त्यांनी पुढे कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

१९३३ साली इंग्लंडचा संघ भारतात आला. त्याचे कर्णधार डग्लस जार्डिन हे स्वतः मुंबईच्या मलबार हिलवर जन्मलेले गृहस्थ! शरीरवेधी गोलंदाजीच्या डावपेचांमुळे ऑस्ट्रेलियात त्यांचे नाव नुकतेच गाजले होते. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर १५ डिसेंबर रोजी भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना सुरू झाला आणि त्यात मर्चंट यांनी कसोटी पदार्पण केले. तो सामना लाला अमरनाथ यांच्या ११८ धावांमुळे, भारताच्या पहिल्या कसोटी शतकामुळे, लोकांच्या स्मरणात राहिला. मर्चंट यांचा खरा बहर यावयाचा होता.

तो आला १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात. हा दौरा भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने लाजिरवाणा ठरला असे म्हटल्यास वावगे होऊ नये. कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे होते. खेळातील अधिकारापेक्षा वैभव आणि वशिला यांच्या बळावर ते तेथे पोहोचले होते. संघात गटबाजी माजली होती. लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून दौऱ्याच्या मध्यावरच मायदेशी धाडण्यात आले. मुश्ताक अली यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे की, मर्चंट यांना मुद्दाम धावबाद करावे अशी सूचना खुद्द कर्णधाराने त्यांना केली होती. मुश्ताक यांनी ती गोष्ट मर्चंट यांच्या कानावर घातली आणि दोघेही त्यावर मनसोक्त हसले.

त्यानंतर या दोघांनी जे करून दाखविले त्याला तोड नाही. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर दुसरी कसोटी सुरू होती. भारताचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला होता. इंग्लंडने ८ गडी बाद ५७१ धावांचा डोंगर उभा करून डाव घोषित केला. ३६८ धावांची पिछाडी घेऊन मर्चंट आणि मुश्ताक सलामीला उतरले, आणि दिवसाचा खेळ संपला तेव्हा फलकावर बिनबाद १९० धावा झळकत होत्या. दुसऱ्या दिवशी २०३ धावांवर ही जोडी फुटली. मुश्ताक अली ११२, विजय मर्चंट ११४. मुश्ताक यांचे शतक हे परदेशातील भारताचे पहिले कसोटी शतक ठरले आणि सामना अनिर्णित राहिला. एक हिंदू, एक मुसलमान. एक मुंबईच्या गिरणीमालकाचा संयमी पुत्र, दुसरा इंदूरचा मनस्वी फटकेबाज. कर्णधाराने ज्यांच्यात वितुष्ट पेरू पाहिले, त्यांनीच संघाची लाज राखली.

येथे कापड व्यवसायातील माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. मँचेस्टर म्हणजे विलायती कापडाचे माहेरघर. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी बांधून, मूर्तिजापूरच्या अरुंद लोहमार्गाने मुंबईस जाई आणि तेथून बोटीने मँचेस्टरकडे. तोच कापूस तागे होऊन परत येई व आपल्याच बाजारपेठेत विकला जाई. मुंबईच्या देशी गिरण्यांनी या व्यवहाराला आव्हान दिले, स्वदेशीच्या चळवळीने त्याला धक्का दिला. अशा वेळी देशी गिरणीवाल्याच्या मुलाने थेट मँचेस्टरमध्ये जाऊन शतक झळकवावे, आणि पुढे दहा वर्षांनी त्याच मैदानावर लँकेशायर परगण्याविरुद्ध नाबाद २४२ धावा काढाव्यात, हा योगायोग मनाला सुखावणारा आहे.

त्या दौऱ्यात मर्चंट यांनी ५१ च्या सरासरीने १,७४५ धावा केल्या. क्रिकेटची गीता मानल्या जाणाऱ्या विस्डेन वार्षिकाने वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची गणना केली.

मात्र त्यानंतर पुढील कसोटी सामना खेळण्यासाठी त्यांना तब्बल दहा वर्षे थांबावे लागले. १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट ठप्प झाले. वयाच्या २५ ते ३५ हा फलंदाजाच्या आयुष्यातील सुवर्णकाळ. तो त्यांनी मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने आणि रणजी करंडकाचे सामने खेळण्यात व्यतीत केला. याच काळात विजय मर्चंट आणि विजय हजारे यांच्यातील ती सुप्रसिद्ध चढाओढ रंगली. हजारे हे सांगलीचे, ख्रिस्ती धर्माचे, त्यामुळे पंचरंगी स्पर्धेत ते शेष संघाकडून खेळत. १९४३ च्या हिवाळ्यात हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून मर्चंट यांचा नाबाद २४३ धावांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो परत मिळविला. त्यावर हजारे यांनी फॉलोऑननंतरच्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या! हा वाद संपतो न संपतो तोच रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावांची मजल मारली. सहाव्या गड्यासाठी रुसी मोदी यांच्यासमवेत त्यांनी ३७१ धावा जोडल्या. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यास नाबाद ४४३ धावा करीपर्यंत तो भारतीय फलंदाजाचा सर्वोच्च वैयक्तिक डाव होता. या दोन विजयांपैकी थोर कोण, यावर मुंबईच्या चाळींतून आणि इराण्यांच्या हॉटेलांतून वाद झडत असत.

रणजी करंडकात मर्चंट यांची सरासरी ९८ च्या वर आहे. ब्रेबोर्नच्या नंदनवनासारख्या खेळपट्टीवर कोणीही धावा करील, असे त्यांच्याविषयी काही टीकाकार म्हणत. हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे. १९४६ साली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला तेव्हा मर्चंट ३४ वर्षांचे होते. तो उन्हाळा पावसाळी होता आणि खेळपट्ट्या ओल्या होत्या. त्या परिस्थितीत त्यांनी ७ शतकांसह २,३८५ धावा केल्या, सरासरी ७४. म्हणजे एकंदर कारकिर्दीची जी सरासरी पडली, तिच्याहून ती परक्या चिखलात अधिक होती. ओव्हलच्या कसोटीत ते १२८ धावांवर खेळत असताना डेनिस कॉम्प्टन यांनी चेंडू हाताने न उचलता सरळ पायाने यष्टीवर मारून त्यांना धावबाद केले. कॉम्प्टन हे आर्सेनलचे फुटबॉलपटू होते, हे मर्चंट यांचे दुर्दैव!

त्या दौऱ्याचे कर्णधारपद थोड्या मतांच्या फरकाने मर्चंट यांना न मिळता नवाब इफ्तिखार अली खान पतौडी यांना मिळाले होते. मर्चंट उपकर्णधार म्हणून गेले आणि त्यांनी धावांत कोठेही कसूर ठेवली नाही. आदल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी संघाविरुद्धच्या अनधिकृत कसोटी मालिकेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने १-० असा विजय मिळविला होता. परंतु अधिकृत कसोटी सामन्यात भारताचे नेतृत्व करण्याचा योग त्यांना कधीच आला नाही. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी तो चालून आला होता. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना जाता आले नाही आणि धुरा अमरनाथ यांच्याकडे गेली. ब्रॅडमन आणि मर्चंट यांना एकाच कसोटीत खेळताना पाहण्याचा योग त्यामुळे हुकला. १९४८-४९ ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिकाही अशीच निघून गेली.

आता आरंभीचा हिशेब मांडून पाहू. १९३२ पासून १९४६ पर्यंत भारताने एकूण १० कसोटी सामने खेळले. त्यांपैकी ९ सामन्यांत मर्चंट होते. राहिलेला एक त्यांनी देशासाठी स्वतःहून सोडला होता. पुढील दोन मालिकांतील १० सामने आजारपणाने नेले. बाकीची सारी वजाबाकी युद्धाने केली. त्यांना कोणी संघातून वगळले असे एकदाही घडले नाही.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना सुरू झाला. पाच वर्षांच्या खंडानंतर मर्चंट संघात परतले होते. वयाची चाळिशी उलटून तीन आठवडे झाले होते. त्यांनी १५४ धावा काढल्या. तिसऱ्या गड्यासाठी त्यांच्यासमवेत २११ धावांची भागीदारी करणारे होते कर्णधार विजय हजारे. जुना प्रतिस्पर्धी, नाबाद १६४! एवढ्या वयात कसोटी शतक काढणारा दुसरा भारतीय अद्याप झालेला नाही. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना झेप घेतल्याने त्यांचा खांदा दुखावला, आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. १० सामने, ८५९ धावा, सरासरी ४७, शतके ३. यश शिखरावर असताना पायउतार होणे बोलण्यास सोपे असते. गादी सोडवत नाही, हा अनुभव व्यापारात काय आणि खेळात काय, सारखाच. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा मर्चंट प्रेक्षकांच्या बाजूला होते.

निवृत्तीनंतर त्यांनी गिरणीच्या कारभारात लक्ष घातले, तरी क्रिकेटशी असलेला ऋणानुबंध तुटला नाही. सत्तरच्या दशकात विविध भारतीवरून रविवारी दुपारी ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ हा त्यांचा कार्यक्रम प्रसारित होत असे. आमच्यासारख्या यवतमाळच्या शाळकरी मुलांना त्यातील इंग्रजी अर्धेमुर्धेच समजे. तथापि तो शांत, मृदू आणि घाई नसलेला आवाज अद्याप कानांत आहे.

निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे कार्य केले, त्याची फळे पुढील पिढ्यांनी चाखली. १९६९ साली त्यांनी तरुण रक्ताला वाव देण्याचे धोरण अंगीकारले. गुंडप्पा विश्वनाथ आणि एकनाथ सोलकर हे त्याच वर्षी संघात आले. सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत. त्याच जिमखान्याच्या छायेत मर्चंट यांची कारकीर्द घडली होती. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत समसमान मते पडली. अध्यक्षांनी आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले. एकच गदारोळ उठला. १९४६ साली वडिलांनी कर्णधारपद हिरावले म्हणून मुलावर सूड उगविला, इथपर्यंत लोकांची मजल गेली. मला स्वतःला हे पटत नाही. १९६९ च्या मालिकांत पतौडीच कर्णधार होते, आणि तेव्हाही समितीचे अध्यक्ष मर्चंटच होते. सूड उगवावयाचा असता तर त्यासाठी थांबण्याचे काही कारण नव्हते. वाडेकर यांच्या संघाने त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आणि २४ ऑगस्ट रोजी ओव्हलवर इंग्लंडमध्ये मालिका जिंकून उत्तर दिले. ज्या ओव्हलवर मर्चंट धावबाद झाले होते, तेथेच हे घडावे! सुनील गावस्कर नावाचा मुंबईचा एक कोवळा सलामीवीरही याच निवडीतून वेस्ट इंडीजला गेला आणि त्याने ७७४ धावा केल्या.

उत्तरायुष्यात त्यांनी अंध आणि अपंग बांधवांच्या सेवेस स्वतःला वाहून घेतले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या मुंबईतील संस्थेच्या कार्याशी ते निगडित होते. त्यांची दृष्टी व्यवहारी होती. भिक्षेने पोट भरते, परंतु मान राहत नाही. म्हणून अपंगास काम मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना नोकऱ्या दिल्या आणि इतर उद्योगपतींच्या दारी जाऊन त्यांनाही तसे करावयास प्रवृत्त केले. आम्हां कापडवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे की, कापडाचा पोत डोळ्यांआधी बोटांना कळतो. गाठीतून तागा काढला की जुना जाणकार तो प्रथम चिमटीत धरून पाहतो. दृष्टिहीन माणूस गिरणीत काय करणार, असा प्रश्न ज्यांना पडे, त्यांनी कापड कधी हाताळलेच नसावे. दातृत्वाची परंपरा त्यांच्या घराण्यात होतीच. त्यांनी देणगीच्या जोडीला रोजगार ठेवला, आणि स्वतःचे नाव, वेळ व पायपीट त्यात घातली. शतक झळकवणाऱ्याच्या वाट्याला येतात तशा टाळ्या या कामात नव्हत्या.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी, ७६ वा वाढदिवस होऊन पंधरा दिवस लोटले असताना, मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा ‘विजय मर्चंट करंडक’ या नावाने खेळली जाते, आणि विदर्भाचा संघही तीत उतरतो.